मॅजिक लँटर्नमधून शोभादर्शकाचं फूल भिंतीवर: भिंग नेमकं कुठे हवं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोळच्या माळ्यावर पत्र्याचा, पितळी नळीचा जुना मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडात भिंतीवर मोठी करून दाखवणारं यंत्र, सापडला. सोबत सव्वातीन इंच चौरस काचांची एक पेटी आणि लाकडी चौकटीत बसवलेली, हँडल फिरवलं की फिरणारी एक रंगीत काच. कोजागरीला घरच्या मुलांना शोभादर्शकाची नक्षी भिंतीवर मोठी करून दाखवायची आहे. जत्रेत मिळतो तसला पुठ्ठ्याचा शोभादर्शक लँटर्नच्या भिंगापुढे धरून पाहिला, तर भिंतीवर नुसता रंगीत डाग आला. काय चुकतंय?

चुकतंय ते जागेत. शोभादर्शक भिंगाच्या पुढे धरलात, तो मागे हवा. म्हणजे काच घालायची खाच आणि पुढचं भिंग यांच्या मधल्या पोकळीत. हे का, ते नीट समजलं की पुढचं सगळं काम सोपं होतं, म्हणून आधी तेवढं सांगतो.

शोभादर्शकाच्या नळीत फूल कुठेच नसतं. तिथे असते फक्त एक पाकळी, म्हणजे दोन आरशांच्या मधल्या पाचरीत पडलेले काचेचे चार तुकडे. बाकीच्या पाकळ्या आरशात दिसतात, आणि त्याही डोळा योग्य जागी असेल तरच एकमेकींना जुळतात. ही जागा म्हणजे दोन आरसे जिथे मिळतात त्या सांध्याच्या अगदी लगत. डोळा सांध्यापासून जरा वर सरकवून पाहा: समोरच्या पाकळ्या काळवंडतात, फूल एका बाजूला फिकट होतं. भिंतीला तर डोळा नाही. भिंतीसाठी डोळ्याचं काम लँटर्नचं पुढचं भिंग करतं. म्हणून आरशांचा सांधा त्या भिंगाच्या बरोबर मध्यावर यायला हवा आणि आरशांचं टोक भिंगाला जवळजवळ टेकायला हवं. तुम्ही नळी पुढे धरलीत तेव्हा आधीच तयार झालेला उजेडाचा झोत त्या बारीक भोकातून कसाबसा आत शिरला, आरशांवर इकडेतिकडे आपटला आणि डाग होऊन बाहेर पडला. मोठे आरसे घेऊन भिंगापुढे लावायचा प्रयोगही मी केलेला आहे. चित्राचे तुकडे एकमेकांवर चढतात, फूल काही उमलत नाही.

ही गोष्ट नवी नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांना शोभादर्शक सुचला १८१६ साली, पेटंट मिळालं १८१७ मध्ये, आणि १८१९ साली त्यांनी या यंत्रावर जे पुस्तक लिहिलं त्यात मॅजिक लँटर्नला शोभादर्शक जोडण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे मुलांच्या हातात खेळणं पडतंय न पडतंय तोच ते भिंतीवर टाकायचा विचार सुरू झाला होता. ब्रूस्टर यांनी चांगल्या फुलासाठी तीन अटी घातल्या. आरशांमधला कोन पूर्ण वर्तुळाला सम संख्येने नि:शेष भागणारा हवा. तुकडे आरशांच्या टोकाला टेकलेले हवेत. आणि डोळा सांध्याच्या जितका जवळ नेता येईल तितका हवा. दोनशे वर्षांत या अटींत काही बदललेलं नाही. लँटर्नसाठी मी त्यात चौथी घालतो: उजेड पसरट हवा. तिच्याकडे पुढे येतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात.

त्याआधी तुमच्याकडच्या हँडलवाल्या काचेबद्दल. वर्णनावरून तो क्रोमाट्रोप आहे, आणि तुमचं नशीब चांगलं आहे. त्यात आरसे नसतात. एकाच आकाराच्या दोन गोल काचा एकामागे एक, दोन्हींवर हाताने रंगवलेल्या वळणदार पट्ट्या, आणि हँडल फिरवलं की दोन्ही उलट दिशांनी फिरतात. पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे रंगांचे ठिपके तयार होऊन मध्यातून बाहेर उसळल्यासारखे वाहतात. हँडल उलटं फिरवा, तेच रंग आत ओढले जातात. लंडनच्या हेन्री लँग्डन चाइल्ड यांचं नाव या शोधाशी जोडलं जातं, आणि पुढे एकोणिसाव्या शतकभर खेळाचा शेवट क्रोमाट्रोपने करायची पद्धत पडली होती. पुष्कळ जण यालाच शोभादर्शकाची काच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. फरक साधा आहे. क्रोमाट्रोपची नक्षी ठरलेली असते, ती फिरून फिरून तीच येते. शोभादर्शकाचं फूल एकदा मोडलं की परत तेच येत नाही.

या काचेला पाणी, स्पिरिट, काच पुसायचा फवारा, काहीही लावू नका. रंग काचेत भाजलेला नसतो, नुसता वर बसलेला असतो, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनंतर तो पापुद्र्यासारखा सुटायच्या बेतात असतो. मऊ, कोरडा ब्रश, तोही रंग नसलेल्या बाजूने. आतली दोरी कुजली असेल तर बदलायला हरकत नाही. एका काचेवरची दोरी सरळ आणि दुसरीवरची तिढा दिलेली असते, त्या तिढ्यामुळेच दिशा उलटते. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी एकदा न काढताच दोरी सोडली होती, आणि दोन्ही काचा एकाच दिशेने फिरायला लागल्यावर नक्षी मेल्यासारखी का दिसते हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

आता आरसे. साधा घरातला आरसा चालणार नाही. त्याचा चकाकता थर काचेच्या मागे असतो, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचं एक फिकट प्रतिबिंब वेगळं पडतं आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला दुहेरी रेघ येते. डोळ्याला ती चालून जाते, भिंतीवर वीसपट मोठी झाली की खटकते. आपल्याला थर पुढच्या अंगाला असलेला आरसा हवा. तो विकत मिळतो, पण मला सगळ्यात चांगले आरसे भंगारात मिळाले. निकामी झेरॉक्स मशीन आणि जुने स्कॅनर यांच्या पोटात लांबट पट्ट्यांचे असेच आरसे असतात. ओळखायचं कसं? नखाचं टोक आरशाला टेकवा. नख आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर थर पुढे आहे. मध्ये काचेच्या जाडीएवढी फट दिसली तर थर मागे आहे. हा थर फार नाजूक असतो. रुमालाने पुसायचा नाही. धूळ फुंकणीने उडवायची, बोटाचा ठसा उमटलाच तर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकाच दिशेने, दाब न देता फिरवायचं.

कापताना चकाकती बाजू खाली, स्वच्छ मऊ कागदावर, आणि हिरकणी मागच्या साध्या काचेवरून. एका काचवाल्याने मी सांगूनही उलटं केलं आणि हिरकणीच्या दोन्ही बाजूंना थराचे टवके उडाले. नेमकी तीच कड सांध्यात यायची होती. तेव्हापासून मी समोर उभा राहून कापून घेतो. सांध्याला येणारी कड निर्दोष हवी. फुलाचा मध्य तिथे असतो, आणि पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

मापं तुमच्या लँटर्नवर ठरतील. माझ्याकडच्या एका लँटर्नचं भिंग १५० मिमी नाभीय अंतराचं आहे. पडदा ३ मीटरवर असला की काच भिंगापासून साधारण १५८ मिमीवर येते आणि चित्र १९ पट मोठं होतं. म्हणजे ३५ मिमी लांबीची पाकळी घेतली तर फुलाचा व्यास ७० मिमी, आणि भिंतीवर सुमारे १ मीटर ३३ सेंटिमीटर. घरच्या खोलीत हे पुरेसं भव्य दिसतं. हे १५८ मिमी भिंगाच्या आतल्या एका बिंदूपासून मोजलेले असतात, प्रत्यक्ष काचेपासून भिंगाच्या मागच्या पृष्ठभागापर्यंतची जागा त्याहून कमी असते. माझ्या लँटर्नमध्ये तिथे १०५ मिमी लांबीचे आरसे बसले. तुम्ही चित्र आधी भिंतीवर स्पष्ट करून घ्या, दिवा बंद करा, आणि मग नळीत पट्टी घालून मोजा. त्यातून ३-४ मिमी कमी करा, म्हणजे भिंग मागेपुढे करायला जागा राहील. आरसे सरळ पट्टीसारखे नकोत. डबीकडे (ज्यात रंगीत तुकडे असतात ती, तिच्याबद्दल पुढे सांगतो) ३७ आणि भिंगाकडे २२ मिमी असे निमुळते केले की पितळी नळीत अडत नाहीत आणि उजेडही अडवत नाहीत.

कोनासाठी माझं ठाम मत आहे: पहिल्यांदा ६० अंश. सहा पाकळ्यांचं फूल येतं. ४५ अंशांत आठ, ३० अंशांत बारा. बारा पाकळ्यांचा मोह सगळ्यांना होतो, पण प्रत्येक परावर्तनाला उजेड थोडा गळतो. आरसा दर वेळी ९० टक्के उजेड परत देतो असं धरलं, तर ६० अंशांच्या फुलात सगळ्यात लांबच्या पाकळीपर्यंत पोचायला तीन परावर्तनं लागतात आणि ७३ टक्के उरतो. ३० अंशांत सहा परावर्तनं होतात आणि ५३ टक्केच उरतो. फूल एका बाजूने उजळ आणि समोरच्या बाजूने मळकट दिसतं. शिवाय कोनातली चूक पाकळीगणिक वाढत जाते. एका अंशाने चुकलात तर सहा पाकळ्यांच्या फुलात शेवटच्या जोडावर सहा अंशांची फट किंवा चढण येते, बारात बारा अंशांची.

६० अंश बसवायला महागडं काही लागत नाही. मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या घ्या, त्याचा ६० चा कोपरा दोन्ही टोकांना, डबीकडे आणि भिंगाकडे, आत घालून पाहा. टोकांना कोन वेगळा आला तर आरसे पिळलेत. मग आरशांची जोडी पांढऱ्या कागदावर उभी करा. कागदावर स्केचपेनने एक जाड रेघ दोन्ही आरशांना छेदेल अशी ओढलेली असू द्या. वरून, सांध्याला डोळा लावून पाहा. रेघांचा षटकोन तयार होईल. सांध्याच्या बरोबर समोर, जिथे शेवटच्या पाकळ्या भेटतात, तिथे रेघ तुटली किंवा तिला कोपरा आला तर कोन केसभर हलवा. रेघ अखंड झाली की आरशांच्या पाठीला काळ्या जाड पुठ्ठ्याची तिसरी बाजू लावून सिलिकॉनने पक्कं करा आणि एक रात्र हात लावू नका. आरशांबाहेरून भिंगात जाणारा सगळा उजेड काळ्या पत्र्याने किंवा पुठ्ठ्याने अडवा, नाहीतर भिंतीवर फुलामागे धुकं पसरतं.

आता उजेड. या एका मुद्द्यावर मी स्वतः दोन वर्षं अडलो होतो. आरसे उत्तम होते, कोन बिनचूक होता, सांधा भिंगाच्या मध्यावर होता, तरी भिंतीवर एक पाकळी लख्ख आणि बाकीच्या पाच अंधारात.

कारण असं. लँटर्नमधला कंडेन्सर, म्हणजे दिव्यापुढची ती दोन जाड भिंगं, दिव्याचा उजेड गोळा करून पुढच्या भिंगावर नेऊन टेकवतात. तिथे दिव्याचीच छोटी प्रतिमा पडते. दिवा बारीक असेल तर ही प्रतिमाही बारीक पडते, आणि तुकड्यांतून आलेला सगळा उजेड सरळ भिंगाच्या मध्यात जातो. आरशांना तो शिवतच नाही. शिवला नाही तर परतणार काय? बाकीच्या पाकळ्या उजळायच्या तर काही उजेड तिरपा येऊन आरशावर पडला पाहिजे. त्यासाठी दिव्याची प्रतिमा भिंगाच्या तोंडाएवढी पसरट हवी आणि तिचा मध्य सांध्यावर हवा.

तपासायचं असं: पुढचं भिंग काढा, ते जिथे असतं तिथे बटरपेपरचा तुकडा धरा. उजेडाचं वर्तुळ दिसेल. ते मध्यात आहे का आणि भिंगाएवढं मोठं आहे का ते पाहा. लहान असेल तर दिव्याच्या पुढे, कंडेन्सरच्या मागच्या बाजूला घासलेल्या काचेचा तुकडा लावा. ही काच तुकड्यांजवळ लावू नका, तिचा खरखरीतपणा भिंतीवर उमटतो. जुन्या लोकांकडे रॉकेलच्या रुंद वातींच्या ज्योती होत्या, त्या मंद असल्या तरी पसरट होत्या. चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून मिळणारा लाइमलाइट प्रखर, पण ठिपक्यासारखा. शोभादर्शकाला तेवढ्यापुरती बिचारी वातच बरी.

आणि उजेड कमी पडणार हे आधीच मान्य करा. वरच्या मापात पाकळीचं क्षेत्रफळ सुमारे ६४० चौरस मिमी येतं. पूर्ण काचेचं ७५ मिमीचं वर्तुळ ४,४०० चौरस मिमीच्या वर जातं. म्हणजे साध्या काचेच्या तुलनेत सातवा हिस्सा उजेड आपण वापरतो आणि तो जवळपास तेवढ्याच मोठ्या चित्रावर पसरवतो. त्यातून आरशांची गळती. यावर उपाय दोनच, खोली पूर्ण काळोखी करा आणि चित्र लहान ठेवा. चित्राची रुंदी निम्मी केली तर उजेड चौपट दिसतो. कोजागरीचा बेत गच्चीवर असेल तर नको. चांदण्यात हे फूल विरून जाईल. चंद्र पाहून, दूध पिऊन झालं की मुलांना आत घेऊन या आणि पडदे लावा.

दिवा कोणता घ्यावा? रॉकेलचा मूळ दिवा जपून ठेवा, पेटवू नका. लाकडी चौकटी, मुलं आणि बंद खोली यांच्याजवळ उघडी ज्योत मला मान्य नाही. लाइमलाइटचं तर नावही काढू नका. ५० वॉटचा सीओबी एलईडी (एकाच पट्टीवर दाटीने बसवलेले बारीक एलईडी), पाठीला पंख्यासह उष्णताशोषक, रंग उबदार पिवळट, आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर. त्याचा उजळणारा गोल साधारण २० मिमीचा असतो, आणि तो आपल्या कामाला अगदी योग्य आहे, कारण कंडेन्सरमधून त्याची प्रतिमा दोन-अडीच पट मोठी होऊन भिंग भरतं. एलईडी एका सुट्या लाकडी पाटीवर बसवा आणि पाटी लँटर्नच्या पोटात सरकवा. मूळ पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही. आपण गेल्यावर हा लँटर्न कुणाच्या तरी हातात जसा होता तसा पोचला पाहिजे.

हॅलोजनचा दिवा वापरलात तर कंडेन्सर सांभाळा. मी एकदा डिसेंबरच्या पहाटे, गारठलेल्या लँटर्नमध्ये २५० वॉटचा दिवा एकदम लावला. अर्ध्या मिनिटात टक् असा आवाज आला आणि मागच्या भिंगाला आरपार चीर गेली. त्या जाडीची, त्या किंचित हिरवट छटेची काच मला पुन्हा मिळाली नाही. ही भिंगं पितळी कड्यात थोडी सैलच असायला हवीत, गरम झाल्यावर फुगायला त्यांना जागा लागते. खुळखुळतात म्हणून लोक कडं आवळतात, तसं करू नका.

आणखी एक धोका. लँटर्नच्या आत पत्र्याला पांढरट, तंतुमय, पुठ्ठ्यासारखं अस्तर दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, ब्रश मारू नका, व्हॅक्यूम लावू नका. लँटर्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मजेचा भाग, डबी. जुन्या यांत्रिक काचांची लाकडी चौकट साधारण ४ बाय ७ इंच असायची, लँटर्नची खाच तेवढी जाडी घेते. तशीच चौकट प्लायवूडची करा, मधोमध गोल भोक, त्यात फिरणारी पुठ्ठ्याची किंवा ॲक्रिलिकची कडी. कडीच्या दोन्ही बाजूंना काच. दिव्याकडची काच कितीही जाड चालेल, पण आरशांकडची काच १ मिमीच्या वर नको. तुकडे आणि आरसे यांच्यात जेवढं अंतर, तेवढी पाकळ्यांच्या जोडांवर काळी चीर पडते. आरशांची पाचर तोंड खाली आणि सांधा वर अशी ठेवा, कारण डबी उभी असते आणि तुकडे तळाशी जमतात. पाचर वर तोंड करून ठेवली तर भिंतीवर बहुतेक वेळ रिकामं आकाश दिसेल. डबी तिसरा हिस्सा ते निम्मी भरा.

आत काय घालायचं? लहानपणी आपण सगळ्यांनी फुटक्या बांगड्या घातल्या आहेत, आणि हाताच्या शोभादर्शकात त्या छान दिसतात. भिंतीवर मात्र अर्ध्याहून जास्त बांगड्या काळ्या पडतात. भिंतीवर उजेड आरपार जाऊन रंग येतो, वरून चमकून नाही. म्हणून प्रत्येक तुकडा आधी खिडकीसमोर धरून पाहा. रंग आरपार दिसला तर ठेवा. लाखेच्या, मुलाम्याच्या, चमकी लावलेल्या बाद. जुन्या एकरंगी हिरव्या काचेच्या बांगड्या उत्तम. त्यांच्याबरोबर रंगीत बाटल्यांचे तुकडे, जिलेटीन पेपरच्या बारीक चकत्या, एखादं पातळ जाळीदार पान, तांब्याच्या तारेची एक वेटोळी. काळी रेघही लागते, पण एकच.

बांगडीचा तुकडा गोलसर असतो. तो स्वतःच भिंगासारखा वागतो, उजेड वाकवून बाजूला फेकतो, आणि त्याच्या कडा भिंतीवर जाड काळ्या दिसतात. यावरचा उपाय मला फार उशिरा कळला आणि तेव्हापासून मी दुसरं काही करत नाही: डबी ग्लिसरीनने भरा. ग्लिसरीन आणि काच उजेडाला जवळजवळ सारख्याच वाकवतात. एकाचा अपवर्तनांक सुमारे १.४७, दुसऱ्याचा १.५२. त्यामुळे काळ्या कडा विरतात आणि नुसता रंग उरतो, हिरवा म्हणजे हिरवाच. शिवाय तुकडे खळकन पडत नाहीत, तरंगत, वळत, सावकाश उतरतात. भिंतीवर फूल मोडत नाही, ते मिटतं आणि दुसरं उमलतं. अमेरिकेत चार्ल्स बुश यांनी १८७०च्या दशकात द्रव आणि हवेचा बुडबुडा भरलेल्या काचेच्या बंद कुप्या शोभादर्शकात घातल्या होत्या, त्यांच्या यंत्रांची कीर्ती आजही त्या कुप्यांमुळे आहे. डबी सिलिकॉनने बंद करताना छोटा बुडबुडा मुद्दाम ठेवा. ग्लिसरीन तापून फुगलं की त्याला जागा लागते. खेळ अर्धा तास चालला की ग्लिसरीन पातळ होऊन तुकडे थोडे वेगाने पडायला लागतात, मग हँडल तितकंच हळू फिरवायचं. कागदी चकत्या आणि पान ग्लिसरीनच्या डबीत घालू नका, त्यांची कोरडी डबी वेगळी ठेवा.

हे सगळं जमल्यावर एक प्रयोग जरूर करा. जुन्या इस्त्रीच्या कॉइलमध्ये अभ्रकाचे पापुद्रे असतात. ते सुट्टे करून डबीत घाला, नुसते पाहिले तर रंगहीन दिसतील. आता बिघडलेल्या लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावरची ध्रुवण फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी) घ्या, एक तुकडा डबीच्या मागे आणि एक पुढे, दोन्ही एकमेकींना काटकोनात. पार्श्वभूमी काळी होते आणि अभ्रक पेटतं: जांभळा, मोरपंखी, केशरी, जाडीप्रमाणे रंग, आणि डबी फिरेल तसे बदलणारे. पुढची फिल्म मात्र आरशांच्या आधी, डबीला चिकटूनच हवी. ती भिंगापाशी लावली तर आरशांवर परावर्तन होताना ध्रुवण बदलतं आणि प्रत्येक पाकळीचा रंग वेगळा येतो, फुलाची सममिती जाते. या प्रयोगात उजेड आणखी निम्म्याखाली येतो, म्हणून चित्र अर्ध्या मीटरचंच ठेवा. आणि दिवा एलईडीच हवा, हॅलोजनसमोर फिल्म वितळते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलांना सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो. मॅजिक लँटर्नला मराठीत स्वतःचं नाव होतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून आपल्या मुलांसह जे खेळ केले, त्यांना ते शांबरिक खरोलिका म्हणत. शंबरासुराच्या मायेवरून शांबरिक, आणि खरोलिका म्हणजे दिवा. हाताने रंगवलेल्या काचा, एकाहून जास्त लँटर्न, सोबत कथन आणि संगीत, आणि पडद्यावरची चित्रं हलायची. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा पहिला खेळ झाला ७ जुलै १८९६ला, म्हणजे पटवर्धनांचे खेळ त्याच्या चार वर्षं आधी सुरू झाले होते. तुमच्या आजोळच्या पेटीतल्या काचा कुठल्या हे मला माहीत नाही, पण त्यांच्या कागदी पट्ट्यांवर देवनागरीत काही लिहिलेलं दिसलं, तर पट्टी सोडवू नका, पुसू नका, आहे तसा फोटो काढा.

खेळाच्या दिवशी क्रम असा ठेवा. आधी दोन-चार साध्या काचा, म्हणजे डोळे काळोखाला सरावतात. मग क्रोमाट्रोप, त्याचा उजेड भरपूर असतो. त्यानंतर दिवा बंद करून मिनिटभर पूर्ण काळोख, तेवढ्यात आरसे आणि डबी बसवा, आणि मग फूल. ते थेट स्पष्ट दाखवू नका. भिंग थोडं बाहेर ओढून नुसते रंगांचे ढग दिसू द्या आणि सावकाश आत घ्या, कडा जुळताना मुलांना दिसू द्या. हँडल एका मुलाच्या हातात द्या. मुलं सुरुवातीला भरभर फिरवतात. त्यांना एकच सांगायचं, सगळ्यात खालचा हिरवा तुकडा पडेपर्यंत थांब.